हायपरबोला आणि हायपरबोली

आज भाचीला अकरावीचे शांकव, म्हणजे शंकू कापल्यावर मिळणारे वक्र, समजावत होतो. मध्येच म्हणाली, "मामा, इंग्रजीत हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती ना? मग हा हायपरबोला तिचा कोण?" सख्खा भाऊच! ग्रीकमध्ये 'हायपर' म्हणजे पलीकडे आणि 'बाल्लेइन' म्हणजे फेकणं. बोलणं खऱ्याच्या पलीकडे गेलं की अतिशयोक्ती. वक्राला हे नाव दिलं पर्गाच्या अपोलोनियस या ग्रीक गणितज्ञानं, इ.स.पू. 200 च्या सुमारास. त्याच्या रचनेत एक क्षेत्रफळ मापापेक्षा जास्त भरलं तर हायपरबोला, तंतोतंत जुळलं तर पॅराबोला, कमी पडलं तर एलिप्स. (आपल्या पुस्तकांत अपास्त, अन्वस्त, विवृत्त. पाठ करताना आमची बोबडी वळायची.) उत्केंद्रताही (वक्र वर्तुळापेक्षा किती वेगळा, हे सांगणारा आकडा) तेच सांगते: एकापेक्षा जास्त, बरोबर एक, एकापेक्षा कमी. आणि एलिप्सची बहीण? वाक्यात शब्द गाळल्यावर दिलेली तीन टिंबं, एलिप्सिस!