पन्हाळा ते पावनखिंड, नववीच्या पोरांसोबत

पालकसभेत सगळ्यात जास्त चर्चा मोबाईल न्यायचा की नाही यावर झाली. मोज्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. खरं तर जुलैतली ही वाट मोज्यांवरच चालावी लागते.

डॉक्टरांचे दाखले, पालकांची संमतीपत्रं, रक्तगट, दम्याचे पंप कुणाकुणाकडे आहेत त्याची नोंद, हे सगळं उरकून आम्ही बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी जमलो. घोषणा दणक्यात झाल्या. राजदिंडीची निसरडी उतरण लागली आणि आवाज आपोआप बसले. चालायचा क्रम आधीच ठरला होता: ज्यांना दम लवकर लागतो ती मुलं पुढे, तरबेज मागे आणि शेवटी पीटीचे सर. तरबेज मुलांना हे अजिबात पटलं नाही. पण मसाई पठारावर दहा फुटांपलीकडचं दिसेना, तेव्हा पुढे पळायची हौस फिटली. धुक्यात सर शिट्टी वाजवायचे, पुढून आमची शिट्टी उत्तर द्यायची. मसाई देवीच्या देवळात हजेरी घेतली, डबे उघडले आणि थंडी वाजायच्या आत उठलो.

कुंभारवाडी सोडली आणि जळवा सुरू झाल्या. एक मुलगी पोटरीवरची जळू बघून किंचाळली आणि ओढायला गेली. ओढायची नाही. जिथे ती चिकटलीय तिथे नख कातडीलगत सरकवायचं, पकड सुटते. रक्त मात्र बराच वेळ वाहतं, कारण रक्त गोठू न देणारं द्रव्य ती चावताना सोडते. हे सांगितल्यावर पोरींना भीतीपेक्षा कुतूहल जास्त वाटू लागलं. दुपारपर्यंत तीच मुलगी इतरांच्या जळवा काढून देत होती, आणि मुलं निमूट पाय पुढे करत होती!

खोतवाडीच्या पुढे बायका भाताची रोपं लावत होत्या, पाठीवर इरली. एक आजी बांधावरून ओरडल्या, "कुठल्या शाळंची रं पोरं? बांधावनं जावा, रोपात पाय घालू नगासा!" आमच्या सूचनांपेक्षा ही सूचना जास्त नीट पाळली गेली.

तंबू नेलेच नव्हते. त्या पावसात ते रात्रभर उपसावे लागले असते. मुक्काम करपेवाडीत, घरांच्या सोप्यात. भाकरी, आमटी, भात. जेवण झाल्यावर प्रत्येकाचे पाय तपासले. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या केल्या, फोड आले होते तिथे पट्ट्या लावल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला मोज्यांचा कोरडा जोड फक्त झोपताना घालायचा, सकाळी पुन्हा ओलेच चढवायचे, हा नियम. सकाळी त्यावरून बंड झालं. पण कोरडे मोजे पहिल्याच ओढ्यात भिजले असते आणि रात्रीला काहीच उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ओढ्यांना पाणी चढलं होतं. दोर बांधून, एकमेकांची मनगटं धरून उतरलो. (हात धरला की सुटतो, मनगट सुटत नाही.) चालता चालता एकाने विचारलं, "बाई, मावळ्यांनी हे रात्रीत कसं केलं?" जुलै 1660, सिद्दी जौहरचा वेढा, अंधार, हाच पाऊस आणि खांद्यावर पालखी. पुस्तकातला हा धडा मी कितीतरी वर्षं शिकवते आहे. पालखी नेताना चिखलात पाय कुठे टेकत असतील, हा प्रश्न वर्गात कधीच कुणाला पडला नव्हता. मग मुलांनी एका सॅकला पालखी ठरवून चौघांनी उचलली. पुढच्याच चढावर खाली ठेवली.

आंबेवाडी, पाटेवाडी करत पांढरपाणी आलं तेव्हा बोलायचं त्राण कुणाला नव्हतं. पावनखिंडीत लोखंडी शिडीवरून पाळीपाळीने उतरलो. पाण्याचा एवढा आवाज होता की मी तयार केलेलं भाषण कुणाला ऐकू गेलं नसतं, म्हणून केलंच नाही. मुलांनी वाकून पाण्याला हात लावला.

वर बस उभी होती. चिखलाचे पाय घेऊन आत येऊ देणार नाही म्हणून ड्रायव्हरकाका दारातच अडून बसले. पोरांनी बूट काढले, रस्त्याकडेच्या ओहोळात धुतले आणि सीटवर वर्तमानपत्रं अंथरून घाट संपायच्या आत झोपली.