दारात उभे असलेले घर

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सर्वांत तापते नऊ दिवस, सुरू झाला की दुपारी दोनच्या सुमारास आमच्या गल्लीत कुत्रेही उन्हात दिसत नाही. कूलरच्या ताट्यांना पाणी पोहोचते आहे की नाही, एवढी एकच चिंता उराशी धरून नागपूरचा मनुष्य आडवा होतो आणि पाच वाजेपर्यंत जगाशी संबंध ठेवीत नाही. अशा एका दुपारी टाकी भरून वाहू लागली म्हणून मी मोटर बंद करायला अंगणात गेलो आणि फाटकातून पाहिले, तर समोरच्या कडुनिंबाखाली एक उंच, पांढरी, खिडक्यांना पडदे लावलेली गाडी उभी होती आणि समोरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघालेली एक पिवळी वायर तिच्या पोटापर्यंत गेली होती. गाडीच्या दाराशी पायपुसणे होते. पायपुसण्याशेजारी चपलांचे दोन जोड व्यवस्थित काढून ठेवलेले होते. गाडीत शिरताना कोणी चपला बाहेर काढतो, हे मी प्रथमच पाहत होतो.

समोरच्या घरातील सूनबाई सांगलीच्या. ही गाडी त्यांच्या आईवडिलांची. वडील वीज मंडळातून निवृत्त झाले, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. दोघांनी एक मोठी प्रवासी गाडी घेऊन तिच्यातील खुर्च्या काढवल्या आणि पलंग, ओटा, पाण्याची टाकी, हात लांब केला की पलीकडच्या भिंतीला लागेल एवढी मोरी आणि छतावर सौर पट्ट्या असे एक घर करवून घेतले. कल्पना अमेरिकेतली. थोरला मुलगा तेथे असल्यामुळे दोनदा जाणे झाले होते आणि एका उद्यानात त्यांना असेच एक निवृत्त जोडपे भेटले होते. हे जोडपे तळावर येणाऱ्यांना जागा दाखवी, शेकोटीच्या जागा झाडून काढी आणि त्याबदल्यात त्यांच्या गाडीला फुकट जागा, पाणी आणि वीज मिळे. तेथे अशा स्वयंसेवकांना कॅम्प होस्ट म्हणतात. हंगाम संपला की ते मुलीच्या गावी जात, तिच्या दारातल्या मोकळ्या जागेत गाडी लावीत आणि रात्री आपल्याच गाडीत झोपत. काका मला म्हणाले, “हे शेवटचं मला फार पटलं. लेकीकडे जायचं, पण लेकीच्या उशांचे अभ्रे बदलायला लावायचे नाहीत.”

सूनबाईंना मात्र ते अजिबात पटलेले नव्हते. वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी असताना आईवडील रस्त्यावर झोपतात, लोक काय म्हणतील, हा त्यांचा मुद्दा होता. लोक म्हणजे अर्थात आम्हीच. मला तर यात जुनी रीतच नव्या पत्र्यात बसवलेली दिसत होती, कारण नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरी पाणीदेखील न पिणारे बाप आमच्या मागच्या पिढीत घरोघर होते. या काकांना नातू होऊन आठ वर्षे झाली होती, तेव्हा पाण्याचा प्रश्न उरला नव्हता. विजेचा तेवढा होता, आणि तीही ते मोजून घेत असावेत असा मला संशय आहे.

पाहुण्यांविषयी आम्हा नागपूरकरांचे मन जरा हळवे आहे. झिरो माईलचा खांब आणि ते चार घोडे दाखवून, देशातील सगळी अंतरे येथूनच मोजतात, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. पण ज्या गावावरून सगळे जातात त्या गावी उतरत कोणीच नाही, हे दुःख सांगत नाही. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग येथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे साऱ्या भारतातील नातेवाईक वर्षातून एकदा तरी आमच्या स्टेशनवरून जात. आदल्या आठवड्यात पत्र येई. मग आई पहाटे उठून पोळ्या, पाटवड्या आणि सांबारवड्या (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) करी आणि वडील, मी आणि तो डबा असे तिघे फलाटावर जाऊन उभे राहत असू. भिलाईच्या आत्याचा चेहरा मी कितीतरी वर्षे खिडकीच्या आडव्या गजांमधूनच पाहिला आहे. ती पाहुणी म्हणून घरी आली तेव्हा गजांवाचून मला ती थोडी अपुरी वाटली होती. गाडी दहा मिनिटे थांबे. त्यातली चार मिनिटे आत्याची बोगी शोधण्यात जात, तीन “किती मोठा झाला रे हा” यात, आणि उरलेल्या वेळात आत्या व वडील एकमेकांकडे पाहत गप्प उभे राहत. या कामासाठी आई बिस्किटांचे रिकामे पत्र्याचे डबे वर्षभर जपून ठेवी, कारण फलाटावर दिलेला डबा परत येत नाही. आता समृद्धी महामार्ग झाला आहे. मुंबईपर्यंतचे 701 किलोमीटर लोक एका दिवसात तोडतात आणि भाचेमंडळी दुपारी जेवायला येऊन रात्री मुक्कामाला आपल्या घरी पोहोचतात, याबद्दल आनंद मानावा की कसे, ते मला ठरवता आलेले नाही.

नेमाने उतरणारा पाहुणा असा एकच होता, तो म्हणजे आजोबा. ते भिवापूरहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीने इतवारीला येत. ती गाडी 2019 मध्ये रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली. बरोबर एक वळकटी, एक पत्र्याची पेटी, फिरकीचा तांब्या आणि लाल मिरच्यांचे पोते. त्या मिरच्या घरात आल्या की पहिले दोन दिवस सगळे शिंकत असू. तीन मुलांकडे चार-चार महिने राहायचे, असा त्यांचा हिशेब होता आणि तो त्यांनी कधी एका आठवड्यानेही चुकवला नाही. आमच्याकडे आले की अंगणात बाज टाकून आपली वळकटी आपणच सोडत, तांब्यातले भिवापूरच्या विहिरीचे पाणी संपेपर्यंत आमच्या नळाला हात लावत नसत आणि कपाटात जागा करून दिली तरी कपडे पेटीतच ठेवीत. सदरा टांगायला दाराबाहेर एक खिळा त्यांनी स्वतः ठोकला होता. आजी हसून म्हणे, “विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.” एकदा त्यांनी मला अंगणातला एक दगड उचलून त्याखालची विंचवीण दाखवली. तिच्या पाठीवर तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी पिल्ले दाटीने बसली होती आणि ती सावकाश, अंग न हलवता चालत होती. “हे पाह्य,” ते म्हणाले, “बिऱ्हाड म्हणजे भांडीकुंडी नव्हे.” आणि त्यांनी दगड अलगद जसाच्या तसा ठेवला. मारायला हवी होती, असे आईचे मत पडले.

शेवटची दोन वर्षे ते गाडीत चढू शकत नव्हते, म्हणून आमच्याकडेच राहिले. कपडे तरीही पेटीतच होते. आई रोज सकाळी पेटी उघडून धुतलेली बंडी घडी करून आत ठेवी आणि संध्याकाळी तीच बंडी काढून त्यांच्या अंगात घाली. बंडी कपाटात ठेवायचे तिनेही मनात आणले नाही.

काका-काकूंचा पुढचा मुक्काम आनंदवनात होता. नागपूरपासून वरोरा शंभरेक किलोमीटर. तेथे काही दिवस राहून काका विजेची किरकोळ कामे करणार होते आणि काकू मुलांना पाढे शिकवणार होत्या. आनंदवनाचे नाव निघाल्यावर मला आठवण झाली, की ही फिरत्या घराची गोष्ट आम्हा वैदर्भीयांना इतकी नवी वाटण्याचे कारण नाही. ज्यांनी 1949 मध्ये आनंदवन उभे केले ते बाबा आमटे 1985 च्या डिसेंबरमध्ये सायकलींवरच्या तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरला निघाले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती आणि पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसताच येत नव्हते. उभे राहायचे किंवा झोपायचे. म्हणून गाडीत पलंग केला आणि ते झोपून गेले. ज्याला बसता येत नाही त्याने देश पाहायला निघावे, आणि मला मात्र अंगणातल्या मोटरपर्यंत जायला उन्हाचे निमित्त पुरते.

चौथ्या रात्री दीड वाजता वीज गेली. नवतप्यात कूलर बंद पडला की घरातला माणूस पाच मिनिटांत अंगणात येतो, तसा मीही आलो. सगळी गल्ली काळोखी होती; उजेड तेवढा त्या गाडीच्या पडद्यामागे होता आणि तिच्या बॅटरीवरचा पंखा मंद आवाज करीत फिरत होता. समोरचे दार उघडले. आधी नातू बाहेर आला, उशी ओढत. त्याच्यामागे जावई. थोडा वेळ काहीच हालले नाही. मग सूनबाई बाहेर आल्या, बगलेत उशी आणि चादर घेऊन, आजूबाजूला कोणी पाहत नाही ना हे पाहिले, पायपुसण्याशेजारी चपला काढल्या आणि आत गेल्या. चपलांचे पाच जोड झाले. आत काकू कोणाला तरी सरकून झोपायला सांगत होत्या, आणि बऱ्याच वेळाने सूनबाईंच्या हसण्याचा आवाज आला, तो मी आमच्या शेजारात इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

दोन दिवसांनी पहाटे साडेपाचला ते निघाले. काकांनी पिवळी वायर कोपरावर गुंडाळून घेतली, पायपुसणे झटकून आत टाकले. मी आधीच उठलो होतो आणि पत्नीनेही पोळ्या व सांबारवड्या करून ठेवल्या होत्या. काकूंनी खिडकीची काच सरकवली तेव्हा माझा हात सवयीने वर गेला, गजांसाठी जागा सोडून. तेथे गज नव्हते. डबा आत गेला. गाडी कडुनिंबाखालून निघून वळणावर दिसेनाशी झाली.

“बिस्किटाचा डबा काढून ठेवला होता ना मी,” पत्नी म्हणाली. “हा कोणता दिलात?”

मी आईचा स्टीलचा डबा दिला होता, झाकणावर वडिलांचे नाव आणि सन कोरलेला. तो परत करावाच लागतो, आणि तोही रिकामा परत देता येत नाही. या गोष्टीला आता दीड महिना झाला, पाऊसही लागला. काकूंचा हेमलकशाहून फोन आला होता. डब्याचे त्या काही बोलल्या नाहीत, आणि मीही विचारले नाही.