जैसलमेरच्या वाळूत तंबू टाकायचा, पण पाणी कुठलं?

जैसलमेरला कॅम्पिंग म्हटलं की सगळ्यांना समची वाळूची टेकाडं आठवतात, स्विस टेंट, कालबेलिया डान्स, दाल-बाटीचा बुफे, आणि तिथे पाण्याचं काही टेन्शन नसतं, सीलबंद बाटल्या पाहिजे तेवढ्या मिळतात. आम्हाला ती जत्रा नको होती. म्हणून रामगढ रस्त्याने, शहरापासून साठेक किलोमीटरवर, एका उंटवाल्या काकांच्या ढाणीपासून (म्हणजे वाळवंटातली छोटी वस्ती) थोडं आत स्वतःचे तंबू लावायचे ठरलं (बॉर्डरचा पट्टा आहे, मनाला येईल तिथे थांबता येत नाही, स्थानिक माणूस बरोबर पाहिजेच). स्लीपिंग बॅग कुठली, स्टोव्ह कुठला ह्यावर ग्रुपवर नुसता पाऊस मेसेजेसचा, आणि पाण्यावर एकच, मावसभावाचा: "फिल्टर घेतलाय मी, कुठलंही पाणी चालेल".

आता हा ट्रेकिंगचा फिल्टर सह्याद्रीत भारी चालतो. गडावरच्या टाक्यातलं हिरवट पाणी त्यातून काढायचं आणि बिनधास्त प्यायचं, बॅक्टेरिया वगैरे अडकतात त्यात. पण थरच्या वाळवंटात जमिनीखालचं पाणी खारं आहे, क्षार विरघळलेले आहेत, जागोजागी फ्लोराइड आणि नायट्रेटही जास्त, आणि विरघळलेली गोष्ट ह्या फिल्टरमधून आरामात पलीकडे जाते. उकळून तर उलटंच होतं, जंतू मरतात पण वाफ उडून जाते आणि क्षार तेवढेच राहतात, म्हणजे पाणी अजून खारट. क्लोरीनच्या गोळीचंही तेच, जंतूंपुरती. फ्लोराइड म्हणजे काय ते आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, किनवटकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको, दातांवर पिवळे-तपकिरी डाग आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं आखडतात. दोन दिवस प्यायल्याने कोणाला फ्लोरोसिस होत नाही हे खरं, पण खारं पाणी दोन दिवसातही पोट बिघडवतं आणि तहान काही भागत नाही.

तर शहरातच पाणी भरून घ्यायचं ठरलं. जैसलमेरच्या नळाला आज जे पाणी येतं ते इंदिरा गांधी नहरचं, पंजाबात सतलज आणि बियास जिथे मिळतात त्या हरिके बंधाऱ्यावरून निघालेलं, फीडर आणि मुख्य कालवा धरून साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. हिमालयातलं पाणी वाळवंटात आंघोळीला, विचार करून बघा. त्याआधी अख्खं शहर गडीसर तलावावर जगायचं, चौदाव्या शतकातला तलाव, आता तिथे लोक पॅडल बोट चालवतात.

हॉटेलवाल्याला म्हटलं जार कुठे मिळेल, तर त्याला कळेचना, मग म्हणाला "अच्छा, कैंपर!" तिकडे त्या वीस लिटरच्या गार पाण्याच्या डब्याला कैंपरच म्हणतात. पण त्याचं झाकण नुसतं बसवलेलं असतं, सील नसतं, जीपमध्ये आडवा पडला की संपलं. म्हणून आम्ही तोंड घट्ट बंद होणारे फूड-ग्रेडचे कॅन घेतले आणि आरओ प्लांटवर जाऊन समोर भरून घेतले. हिशेब माणशी दिवसाला पाच लिटर, पिणं आणि स्वयंपाक मिळून, वर एक दिवस जास्तीचा. सगळं पाणी एकाच कॅनमध्ये ठेवायचं नाही, एक फुटला तर बाकीचे राहतात. एक लिटर म्हणजे एक किलो हे जीपमध्ये चढवताना चांगलंच कळतं!

ढाणीवर पोचल्यावर खरी मजा. मित्राकडे पेनसारखा टीडीएस मीटर होता (टीडीएस म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत तो आकडा), तो दिसेल त्या पाण्यात बुडवत सुटला. आपल्या सरकारी मानकात पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरा काहीच पर्याय नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचा. ट्यूबवेलच्या हौदात आकडा अडीच हजाराच्या वर गेला. पाणी मात्र काचेसारखं नितळ, बघून कोणीही ओंजळीने प्यायला जाईल. काका लांबूनच ओरडले, "ओ तो ऊंट-गायां वास्ते है सा, थे मत पीज्यो". आणि घराशेजारच्या टांक्यात आकडा दीडशेच्या आत! मावसभाऊ खूश, हेच भरू म्हणाला.

इथेच मीटर फसवतो, म्हणजे मीटर खोटं सांगत नाही पण अर्धंच सांगतो. टांका म्हणजे जमिनीत गोल खोदलेली, आतून गिलावा केलेली टाकी, भोवती उताराचं अंगण, त्याला आगोर म्हणतात, त्यावर पडलेला पाऊस वाहून आत जातो. पावसाचंच पाणी, क्षार कुठून येणार. पण आगोरवर पक्षी बसतात, धूळ उडते, एखादी शेळी घुसते, ते जंतू मीटरला दिसत नाहीत. म्हणून आगोर झाडून ठेवतात, चपला घालून जाऊ देत नाहीत, पहिल्या पावसाचं पाणी आत घेत नाहीत, तोंडावर जाळी. एवढं करूनही ते पाहुण्याने गाळून, क्लोरीन टाकून, अर्धा तास थांबूनच प्यावं असं माझं मत. म्हणजे टांक्याच्या पाण्याला मावसभावाचा फिल्टर कामाचा आणि ट्यूबवेलच्या पाण्याला शून्य उपयोगाचा. शिवाय हल्ली टांके कालव्याच्या टँकरनेही भरून घेतात, तेव्हा आत नक्की काय आहे ते घरच्यांनाच विचारायला लागतं.

काकांकडे ह्याचा सगळा हिशेब तोंडपाठ. आकाशातून पडलेलं ते पालर पाणी, खोल विहिरीचं ते पाताळ पाणी, आणि मधलं रेजाणी. हे तिसरं मला माहीतच नव्हतं. काही ठिकाणी वाळूखाली जिप्समचा पट्टा असतो, पावसाचं पाणी झिरपून त्याच्यावर अडकतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, वाळूत नुसती ओल बनून राहतं. तिथे माणूस जेमतेम मावेल एवढी अरुंद कुई किंवा बेरी खणतात, ओल थेंब थेंब आत सुटते, दिवसभरात दोन-तीन घडे. पण गोडं! वर्षाला जेमतेम दीडशे-दोनशे मिलिमीटर पाऊस, आपल्या महाबळेश्वरला जुलैतल्या एका दणक्यात पडतो तेवढा, आणि त्यावर हे सगळं उभं. अशा बेरीतलं पाणी आम्ही भरून घेतलं नाही, काका देत होते तरी. आमच्याकडे कॅन होते, त्यांच्याकडे ती बेरी.

मुक्कामात नियम साधा होता, पिणं आणि स्वयंपाक कॅनमधून, हात-पाय ट्यूबवेलचं, भांडी वाळूने घासून वर थोडं पाणी. मित्राने शहाणपणा करून गोडं पाणी वाचवायला डाळ ट्यूबवेलच्या पाण्यात लावली. तासभर गॅस जाळला, डाळ जशीच्या तशी टणक, जड पाण्यात डाळ शिजत नाही हे आजीला माहीत होतं, इंजिनिअरला नाही. शेवटी खिचडी कॅनच्या पाण्यात आणि ती डाळ शेळ्यांना.

अजून एक, डिसेंबरात गेलात तर तहान लागतच नाही. हवा गार, घाम येतो तो लगेच सुकतो, दिवसभर वाळू तुडवून बायकोचं संध्याकाळी डोकं धरलं तेव्हा लक्षात आलं की दुपारपासून अर्धी बाटलीसुद्धा संपली नव्हती. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, घोट घोट प्यायल्यावर तासाभरात बरं. मग दर तासाला सगळ्यांना बळंच पाजायला लागलो.

मार्चनंतर जाणार असाल तर उन्हाचं सोडा, आधी नहरबंदी आहे का ते विचारा. दुरुस्तीसाठी कालवा दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर काही आठवडे बंद ठेवतात, तेव्हा शहरातच पाणी मोजून मिळतं, गावांत टँकरची वाट बघतात, अशा वेळी ढाणीवर जाऊन पाणी मागू नका, सगळं बरोबर न्या नाहीतर तारीख पुढे ढकला.