भिंत नको, कुंपण हवं

भिंत एकदा बांधली की विसरून जाता येतं. झुडपांच्या कुंपणाचं तसं नाही. दर वर्षी कात्री घेऊन त्याच्यापुढे उभं राहावंच लागतं आणि नेमका शेजारीही पलीकडून छाटायला आला, तर नाइलाजानं का होईना, चार शब्द बोलावे लागतात. बाहेरून गच्च हिरवं दिसणारं हे प्रकरण हातानं बाजूला सारून बघावं: आत नुसत्या काटक्या, कोळ्याचं जाळं, वाऱ्यानं आणून अडकवलेला कागद.

लंडनच्या उत्तरेला हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब वसवताना हेन्रिएटा बार्नेट यांनी नियमच घातला, की घराघरांमध्ये भिंती नकोत, कुंपणं हवीत. नवरा व्हाइटचॅपलसारख्या गरीब वस्तीत पाद्री, त्यामुळे कोंदट गल्ल्यांतलं जगणं बाईंनी जवळून पाहिलेलं. हॅम्पस्टेडच्या माळाजवळ भुयारी रेल्वेचं स्टेशन येणार म्हटल्यावर पाठोपाठ बिल्डर येणार, हे त्यांनी ओळखलं आणि खटपट करून ८० एकर जमीन मोकळी राखली. परिणाम गमतीचा झाला. नॉर्थ एंड नावाच्या त्या स्टेशनाच्या फलाटांचे बोगदे खणून झाले होते, पण ते स्टेशन कधी उघडलंच नाही. वर घरंच नाहीत, तर उतरणार कोण?

शेजारची २४३ एकर जमीन ईटन कॉलेजकडून घेऊन १९०७ साली बांधकाम सुरू झालं. आराखडा रेमंड अनविन यांचा. एकरी सरासरी आठच घरं, समोरासमोरच्या घरांत ५० फुटांचं अंतर. त्या काळच्या नियमांत अरुंद रस्ते आणि बंद गल्ल्या बसत नव्हत्या, म्हणून १९०६ मध्ये पार्लमेंटकडून खास कायदा करून घेतलेला. सरकारी नियमांतून सुटका मिळताच बाईंनी स्वतःचे नियम लावले: चर्चच्या घंटा वाजायच्या नाहीत, पब नाही. हेडमास्तरीणबाईच म्हणायच्या! मधल्या चौकातली चर्चं बांधणारे वास्तुविशारद लुटियन्स यांनी तर एका पत्रात कुरकुर केली, की या बाईंची दृष्टी खिडकीतल्या फुलझाडांपलीकडे फारशी जात नाही.

तरीही मूळ कल्पना मोठी होती. श्रीमंतांचे बंगले आणि कामगारांची छोटी घरं एकाच वसाहतीत, आणि तिथली झाडी, बागा सगळ्यांना मोकळ्या. पण शेवटी कुंपणानंच शेत खाल्लं. वस्ती इतकी देखणी झाली, की कामगारांसाठी बांधलेली घरंही आता कामगाराच्या आवाक्यात नाहीत. याचा दोष मी बाईंना देणार नाही. अशा वस्त्या आणखी शंभर झाल्या असत्या, तर हिला एवढा भाव आला नसता.

आजही तिथं घर स्वतःच्या मालकीचं असलं, तरी कुंपण काढून गाडीला जागा करायची तर वसाहतीचं रूप जपणाऱ्या ट्रस्टची परवानगी लागते. गाडी उभी करायला जागा नाही ही अडचण खरीच, कारण ते रस्ते आखले तेव्हा मोटारी होत्याच किती! पण या भांडणात मी कुंपणाच्या बाजूनं.