कार्बन फायबरच्या हलक्या सायकलीवरून पुणे ते महाबळेश्वर

पुणे ते महाबळेश्वर हे सुमारे १२० किलोमीटरचे अंतर मी नुकतेच कार्बन फायबरच्या अतिहलक्या सायकलीवरून पूर्ण केले. तिचे वजन ६.८ किलो, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने शर्यतींसाठी ठरवलेल्या किमान मर्यादेइतके आहे. अशी सायकल आपल्या रस्त्यांवर कितपत उपयोगी पडते, हे याच वाटेने जाणाऱ्यांना कळावे म्हणून हे लिहीत आहे.

पहाटे जुना कात्रज घाट ओलांडून शिरवळमार्गे खंबाटकीपर्यंत महामार्गाने गेलो. सपाटीवर बहुतेक ताकद हवेचा विरोध तोडण्यातच खर्च होत असल्याने सायकलीचा हलकेपणा तेथे जवळजवळ जाणवत नाही. जाणवतात ते टायर. वजन वाचवण्यासाठी २३ मिलिमीटरचे अरुंद टायर घालण्याचा मोह टाळावा. २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये हवा किंचित कमी ठेवली की हात बधिर होत नाहीत आणि टायरच्या रुंदीमुळे खड्ड्यात कार्बनची महागडी रिम तडकण्याचा धोकाही कमी होतो.

सुरूर फाट्यावरून वाईला पोहोचल्यावर खरी परीक्षा सुरू होते. पसरणी घाट पाचगणीपर्यंत साडेपाचशे मीटरहून अधिक चढतो. दोन किलो वजन ५५० मीटर वर न्यायला सुमारे १०.८ किलोज्यूल ऊर्जा लागते. स्वार सातत्याने २०० वॅट शक्ती लावत असेल, तर दोन किलो हलक्या सायकलीमुळे त्याचा वेळ वाचतो तो ५४ सेकंद. पाऊण तासाच्या चढात मिनिटभराचा हा फरक शर्यतीत निर्णायक ठरेल, पण सहलीत त्यासाठी दुप्पट पैसे मोजणे मला पटत नाही. त्यापेक्षा मागे ३४ दात्यांचे मोठे चक्र असलेली कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचा संच, बसवावी, गुडघे दुवा देतील. तरीही वळणावर उभे राहून पेडल दाबताच सायकल ज्या तत्परतेने पुढे झेपावते, तो आनंद खरा आहे आणि तो केवळ वजनाचा नसून चौकटीच्या ताठपणाचाही आहे.

घाटात एका मालमोटारीच्या चाकाखालून उडालेला खडा चौकटीच्या खालच्या नळीवर आदळला. पोलादाला पोचा पडतो आणि तो दिसतो. कार्बनचे थर मात्र आतल्या आत सुटू शकतात. म्हणून तेथेच थांबून नळी पुसली, रंगाखाली केसासारखी भेग आहे का ते पाहिले आणि नाण्याने हलके ठोकत गेलो. सगळीकडे टणक, एकसारखा आवाज आला. एखाद्या जागी तो बद्द आला असता, तर मी पुढे गेलो नसतो.

सामानासाठी या सायकलींना बहुधा कॅरिअर बसत नाही. सीटमागे पिशवी बांधायची असल्यास पट्टा घासतो तेथे आधी पारदर्शक चिकटपट्टी लावावी. बोल्ट किती जोराने आवळला जातो ते दाखवणारा पाना, म्हणजे छोटा टॉर्क रेंच, सोबत असावा, कारण सीटपोस्टचा (सीट ज्यावर बसते त्या दांड्याचा) बोल्ट छापलेल्या मर्यादेपेक्षा, बहुधा पाच-सहा न्यूटन-मीटरपेक्षा, जास्त आवळल्यास नळी चिरडते. गिअर बदलताना साखळी सरकवणारा मागचा डिरेल्युअर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर प्रत्येक चौकटीचा वेगळा असतो आणि वाटेतल्या दुकानात मिळणे कठीण, म्हणून जादा हँगर घरूनच न्यावा.

परतीचा उतार लांब असल्याने डिस्क ब्रेकच हवेत. रिम ब्रेक सतत दाबून धरल्यास कार्बनची रिम तापून खराब होऊ शकते. परतताना सायकल टेंपोत टाकणार असाल, तर दोर चौकटीच्या नळीला न आवळता चाकांना आणि सीटपोस्टला सैलसर बांधावा व खाली जाड गोधडी अंथरावी.