रोरीने फेकून दिलेला अल्बम

१४ जून, रात्री साडेअकरा

आज आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रोरी गॅलहरला जाऊन आणखी एक वर्ष झालं. १९९५ साली याच तारखेला लंडनमध्ये गेला. यकृत बदललं होतं, त्यातून सावरतोय असं वाटत असतानाच संसर्ग झाला. वय अवघं ४७. दरवर्षी या रात्री मी त्याचा लाइव्ह अल्बम 'आयरिश टूर ७४' लावते. आज मात्र हात दुसऱ्याच अल्बमवर थांबला, आणि तो ऐकावा की ऐकू नये यातच अर्धा तास गेला.

'नोट्स फ्रॉम सॅन फ्रान्सिस्को'. रोरीने स्वतः रद्द केलेला.

१९७७ संपता संपता तो आपला बँड घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेला होता. सोबतीला निर्माता इलियट मेझर, गायक नील यंगचा 'हार्वेस्ट' हा अल्बम करणारा. गाणी वाजवून झाली, मिक्सिंगवर दिवसच्या दिवस गेले, आणि ते ऐकून रोरी म्हणाला, हे बाहेर काढायचं नाही. केवढी हिंमत लागत असेल! पैसा गेलेला, रेकॉर्ड कंपनी वाट बघतेय. त्याच मुक्कामात त्याने तिथल्या विंटरलँड सभागृहात सेक्स पिस्टल्स या रांगड्या पंक बँडचा कार्यक्रम पाहिला. मग बँडच बदलला. बेसवाला जेरी मॅकअव्हॉय तेवढा राहिला, ड्रम्सवर टेड मकेना आला, कीबोर्ड गेलाच. कोलोनजवळच्या स्टुडिओत या तिघांनी त्यातली बरीचशी गाणी नव्याने वाजवली. तो १९७८चा 'फोटो-फिनिश' अल्बम.

मला यात नवल वाटत नाही. स्टुडिओच्या गुळगुळीतपणाशी त्याचं कधी जमलंच नाही. 'ड्यूस' या अल्बमच्या वेळी, १९७१ साली, कार्यक्रमाच्या आधी नाहीतर नंतर स्टुडिओत शिरायचं आणि हात गरम आहेत तोवर वाजवून घ्यायचं, असं चाललं होतं. सगळ्यात जास्त तो सापडतो तो लाइव्ह रेकॉर्डमध्येच. 'आयरिश टूर' १९७४च्या जानेवारीत बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाला. बेलफास्टमध्ये तेव्हा बॉम्ब फुटत होते, बाहेरचे बँड तिकडे फिरकत नव्हते. हा जात राहिला. 'अ मिलियन माइल्स अवे' मध्ये एका जागी सगळं खाली उतरतं, गिटार जेमतेम बोलते, आणि पुन्हा हळूहळू चढत जाते. तिथे मी अजूनही श्वास धरून बसते.

ती गिटार! १९६१ची स्ट्रॅटोकास्टर, पंधराव्या वर्षी कॉर्कच्या दुकानातून १०० पौंडांना घेतलेली, हप्त्यांवर. घामाने तिचा रंग इतका उडाला की खालचं लाकूड उघडं पडलं. २०२४ला लिलावात निघाली तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं; पण घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. घरी गेली म्हणायची.

तर, ऐकावा का? तो गेल्यावर १६ वर्षांनी, २०११ साली, घरच्यांनी हा अल्बम काढला. चोरून मिळवलेला नाही, हे खरं. पण 'नको' म्हणणारा तो स्वतः होता. एखाद्याने चुरगाळून टाकलेलं पत्र उलगडून वाचल्यासारखं वाटतं मला.

शेवटी लावला. 'ओव्हरनाइट बॅग' आधी यातलं, मग 'फोटो-फिनिश'मधलं, मग पुन्हा यातलं. इथे कीबोर्ड आहे, गाण्याला ऐसपैस जागा आहे, आणि मला ते आवडलं. मनापासून आवडलं. तिघांचं ऐकताना मात्र गिटार थेट अंगावर येते, मधे कुणी नाही. त्याला हेच हवं होतं, इतकं कळलं. तरी त्याने टाकलेलं मी पुन्हा लावणार आहे, हेही कळलं, आणि त्याबद्दल थोडी शरम वाटतेय.

एक वाजून गेला. आता 'आयरिश टूर'. पहिल्या गाण्याआधीचा तो लोकांचा गलका सुरू झालाय.