तुम्ही विचारलंत म्हणून: गोष्ट दरवेळी सराईतच, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागीच, का सुरू होते?

दर शनिवारी रात्री आमच्याकडे नाशिकला इंदिरानगरात पाचसहा जण जमतात, सतरंजी टाकायची, मध्ये फासे, आणि गोष्ट मी चालवते. डन्जन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ, एकानं जग सांभाळायचं आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आम्ही तो मराठीत खेळतो. नवीन कोणी आलं की हमखास विचारतं, ताई दरवेळी सराईच का? थेट ड्रॅगनच्या गुहेपाशी सुरू करा ना.

आता असं बघा, एक बुटका लोहार, एक जंगलातली तिरंदाज आणि एक कर्ज बुडवून पळालेला मांत्रिक, ह्यांना एकत्र आणायचं कसं? राजवाड्यात ह्यांना कोणी उभं करणार नाही. रस्त्यात भेटले तर एकमेकांना टाळून पुढे जातील. पण पाऊस धो धो लागलाय, अंधार पडलाय, पुढचं गाव लांब आहे आणि सराईत एकच बाक रिकामं आहे म्हटल्यावर बसतीलच की शेजारी शेजारी, आणि एकदा ताटं समोर आली की कुठून आलात हा प्रश्न निघतोच.

पण नुसतं तेवढ्यानं होत नाही. सुरुवातीला माझ्या सराईत एक काउंटर होता, पेले पुसणारा मालक आणि फेसाळ बिअर, बास. पोरं दोन वाक्यं बोलायची आणि चला गुहेत म्हणून उठायची, त्या जागेत कोणाचा जीवच रमायचा नाही.

मग एकदा पांडवलेणीला गेले. दहा नंबरच्या लेण्यात व्हरांड्यात ब्राह्मी शिलालेख आहे, नहपान राजाचा जावई उषवदात ह्याचा, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. त्यानं भरुकच्छ (म्हणजे भडोच), दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे वाटसरूंसाठी चौसोपी निवारे बांधून दिले, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असं त्यात लिहिलंय. गोवर्धन म्हणजे आपलं इथलंच, नाशिकजवळचं! मी तिथे उभी राहून विचार करत होते की त्या निवाऱ्यात रात्री कोण कोण शेजारी शेजारी झोपलं असेल, भडोचचा व्यापारी, एखादा भिक्खू, नावाडी. तिथल्याच लेखात पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण असा हिशोबही आहे, तो मी जसाच्या तसा उचलला, आमच्या सराईत आजही पस्तीस चांदीच्या नाण्यांना एक सोन्याचं नाणं मिळतं.

तेव्हापासून सराईची मालकीण रखमाक्का झाली. चौसोपी, मध्ये अंगण, बाकं तीन उंचीची, बुटक्यांची, माणसांची आणि राक्षसांची. दारातच खुंट्या, तलवार टांगल्याशिवाय आत घेत नाही. चुलीवर काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी, कोपऱ्यात द्राक्षाच्या दारूचे रांजण (नाशिककरांना हे समजावून सांगावं लागत नाही), आणि पाऊस वाढला की कोणीतरी डफ काढतंच.

आणि चोपडी. तिची कल्पना मला पंचवटीत सापडली. २०१५ च्या सिंहस्थात मावशीच्या वाड्यावर मदतीला गेले होते, तेव्हा लांबच्या गावाहून आलेले एक आजोबा उपाध्यायांच्या नामावळीत, म्हणजे यात्रेकरूंची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवतात त्या वहीत, आपल्या पणजोबांचं नाव शोधत होते. सापडलं तेव्हा त्यांनी त्या शाईवरून बोट फिरवलं, अगदी हळू, आणि खाली आपल्या नातवाचं नाव लिहायला सांगितलं. मी दुसऱ्याच दिवशी रविवार कारंजावरून लाल कापडी बांधणीची चोपडी घेऊन आले. सराईत पाऊल टाकलं की रखमाक्का नाव, गाव, काय खाल्लं, काय उधार राहिलं ते लिहिते, म्हणजे मी खरंच पेननं लिहिते.

गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकाचा दगडू लोहार भुयारात ड्रॅगनच्या आगीत गेला. पाच महिने खेळला होता तो दगडू, त्या रात्री कोणी चहासुद्धा घेतला नाही. पुढच्या शनिवारी पोरगा नवीन पात्र घेऊन आला, होडी चालवणारी एक बाई. मी नेहमीसारखी चोपडी पुढे केली, तर त्यानं लिहायच्या आधी मागची पानं चाळली आणि एका ओळीवर थांबला. दगडू, लोहार, पूर्वेच्या डोंगरातला, रस्सा दोन वाट्या, उधार सात नाणी.

त्यानं आपल्या कागदावरची सात नाणी खोडली आणि म्हणाला, आक्का, हे ह्याच्या नावावर जमा करा.

मी आक्काच्या आवाजात विचारलं, तू कोण गं त्याची?

"कोणी नाही. त्याच्या बाकावर बसलेय आज."

मी पेन घेतलं आणि उधारीवर रेघ मारली.